बाटली टाकली आणि ॲव्हरेज 26 दाखवलं

मी 28 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. डिझेलच्या टाकीत ओतायच्या 'औषधा'च्या बाटल्या घेऊन मी कसा फसलो ते पुढे वाचून कुणीतरी विचारणारच.

गाडी 2012 ची डिझेल. इंजिन 1.3 मल्टिजेट, म्हणजे आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या गाडीत बसवलेलं ते 1248 सीसीचं. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेले. गेल्या हिवाळ्यात सकाळी तीन-तीनदा सेल मारल्याशिवाय सुरू होईना आणि ॲक्सिलेटर दाबला की मागे काळा धूर. मिस्त्रींकडे जाऊ जाऊ म्हणत महिना गेला.

साताऱ्याहून पुण्याला निघालो होतो. सुरूरच्या अलीकडे एका पंपावर डिझेल भरलं आणि हवा चेक करायला बाजूला घेतली, तर एक नीटनेटका पोरगा खिडकीशी आला. "काका, गाडी दहा वर्षांवरची ना? धुरावरनंच कळलं." मग त्यानं ऐकवलं की 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं, गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 50 भाग) 10 वर आलं, गंधक गेलं की वंगण गेलं आणि जुन्या गाड्यांचे पंप-नोजल कोरडे पडायला लागले.

इथे मी फसलो, कारण यातलं निम्मं खरं आहे. तारीख खरी, आकडे खरे. गंधक काढताना डिझेलमधला नैसर्गिक गुळगुळीतपणा कमी होतो, हेही खरं, आणि हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. त्यानं गाळलं ते एवढंच की हे रिफायनरीवाल्यांनाही माहीत आहे. म्हणून ते डिझेलमध्ये वंगणाचा घटक मिसळूनच पाठवतात. झीज मोजायची चाचणी आणि तिची मर्यादा डिझेलच्या मानकातच ठरवून दिलेली आहे. मला हे वाचायला घरी आल्यावर वीस मिनिटं लागली. पंपावर ती वीस मिनिटं नव्हती.

मग प्रयोग. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला आणि मला ॲक्सिलेटर दाबायला लावला. रुमाल काळा. मग यावर उपाय म्हणून तो विकत होता त्या औषधाची बाटली टाकीत ओतली, "आता चार-पाच वेळा रेस करा, मिसळू द्या" म्हणाला, आणि दुसरा रुमाल धरला. बराच पांढरा. गाडी बराच वेळ मंद चालली की सायलेन्सरमध्ये काजळी साचते, पहिल्या दोन-तीन रेसमध्ये ती उडून जाते. पीयूसीवालासुद्धा नळी घालण्याआधी गाडी रेस करून घेतो ते याचसाठी. बाटलीच्या जागी उसाचा रस ओतला असता तरी दुसरा रुमाल तेवढाच पांढरा राहिला असता.

सगळ्यात हुशारी पुढे होती. पैसे एकाच बाटलीचे घेतले, 450 रुपये. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज शून्य केलं आणि म्हणाला, "बोगदा ओलांडल्यावर बघा. पटलं तरच फोन करा." खंबाटकीचा बोगदा संपला की रस्ता सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडे उतरतच जातो. उतारावर पाय काढला की इंजिन डिझेल जवळजवळ घेतच नाही. इंजिन गरम, मोजणी नुकती सुरू झालेली, पुढे उतार. आकडा 26. माझी गाडी नेहमी 17-18 देते. मी शिरवळला थांबून त्याला स्वतः फोन केला आणि सहा बाटल्यांचे 2,400 रुपये पाठवले. परत येताना बाटल्या घेतल्या. बिल मागितलं तर म्हणाला, "व्हॉट्सॲपवर टाकतो काका." पैसे त्याच्या खासगी खात्यात गेले होते, बिल आजतागायत आलेलं नाही.

दोन महिने दर टाकीला बाटली ओतली. सेल पाच-पाचदा मारायला लागल्यावर बायको म्हणाली, "गाडीला औषध चालू आहे, पण डॉक्टरला दाखवलंय कुठं?"

मिस्त्रींनी बाटली हुंगली. "सर, वरून लिंबाचा वास मारलाय. आत रॉकेलाचा भाऊ आहे." मग त्यांनी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे जादा डिझेल परत जातं त्या तोंडाला, बारीक नळ्या जोडल्या, चार सारख्या बाटल्या टांगल्या आणि गाडी चालू ठेवली. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आलं तोवर तिसऱ्या नंबरची अर्धी भरली. तो इंजेक्टर आतून झिजलेला होता, प्रेशर मागे सोडत होता, म्हणून सेल मारताना गाडी उठत नव्हती. झिजलेलं लोखंड कुठल्याच बाटलीनं भरून येत नाही. चांगल्या कंपनीचा क्लीनर नोजलवरचा कचरा थोडाफार काढतो, त्याचं काम तेवढंच. डिझेल फिल्टर काढला तर तोही चिखल. एक इंजेक्टर, फिल्टर आणि मजुरी मिळून 11,500.

बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपी नाही. पाकीटबंद मालावर हे छापणं बंधनकारक असतं. मी बघितलंच नव्हतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे पाठवल्याची पावती आणि बाटलीचे फोटो तयार ठेवले. त्या पोरग्याचा नंबर आता लागत नाही.

ॲव्हरेज आता टाकी फुल ते टाकी फुल असं वहीत लिहून काढतो. परवाचं 17.6 आलं. उरलेल्या दोन बाटल्या मिस्त्रींनी मोटरसायकलच्या चेन धुवायला नेल्या.