जुन्या इंजेक्शन गाडीचा फ्युएल पंप घेताय? पैसे द्यायच्या आधी हे वाचा

ज्यांच्याकडे मर्सिडीज डब्ल्यू १२३ ची २८० ई आहे, किंवा के-जेट्रॉनिकवाली (बॉशची जुनी मेकॅनिकल पेट्रोल इंजेक्शन सिस्टीम) दुसरी कुठलीही जुनी गाडी आहे, त्यांनी हे प्लीज नीट वाचा. 'ओरिजिनल बॉश' म्हणून १८ हजाराला जो फ्युएल पंप मला विकला तो आतून भलताच निघाला आणि तसला माल अजून फिरतोय याची मला खात्री आहे.

गाडी १९८२ ची. पंप म्हातारा झालेला, मागच्या सीटवर बसलं की सारखी घूं घूं ऐकू यायची आणि गाडी गरम असताना बंद करून थोड्या वेळाने सेल्फ मारला की लवकर उचलायची नाही. पंपाच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो तो प्रेशर धरेना, मग लाईनमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि स्टार्टिंगचा त्रास सुरू होतो. ॲक्युम्युलेटर, म्हणजे गाडी बंद केल्यावर लाईनमधलं प्रेशर टिकवणारा डबा, चांगला होता, तो आधीच चेक केलेला, म्हणजे पंप बदलायचा हे नक्की.

आता यातली मेख समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच होते. कार्ब्युरेटरच्या गाडीचं पाव बार प्रेशरमध्ये भागतं, बॉशच्याच डी-जेट्रॉनिक इंजेक्शनला दोन बार, एल-जेट्रॉनिकला अडीच-तीन, आणि के-जेट्रॉनिकला थेट पाच बारच्या आसपास. इंजेक्शनचे सगळे पंप १२ व्होल्टचेच, आणि एल-के चे पंप तर दिसायलाही जवळपास सारखेच. नुसतं बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही.

विकणारा मुंबईतला, जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवणारा. नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे. त्याने बॉक्स उघडला, पंप हातात दिला. बॉशच्या पंपांचा नंबर ० ५८० ने सुरू होणारा दहा आकडी असतो, जुन्या पंपावरचा नंबर माझ्याकडे होता, एकेक आकडा जुळवला, तंतोतंत तोच. मग त्याने बॅटरीला दोन वायरी लावल्या, पंप फिरला, "बघा साहेब, एकदम मख्खन". आणि वर म्हणाला जुना पंप द्या, दोन हजार कमी करतो. कुणालाही सौदा चांगलाच वाटेल असा, मीही जुना पंप देऊन टाकला. पण हा बॅटरीचा प्रयोग म्हणजे निव्वळ डोळ्यांत धूळफेक आहे, त्यात फक्त मोटर फिरते एवढंच कळतं, प्रेशर किती देते ते अजिबात कळत नाही. शिवाय हे पंप आतून वाहणाऱ्या पेट्रोलवरच थंड राहतात आणि वंगणही त्याचंच मिळतं, कोरडा फिरवला तर चांगला पंपसुद्धा खराब होतो. जो माणूस १८ हजाराचा पंप असा कोरडा फिरवून दाखवतो त्याला त्या पंपाची किंमत काय ते माहीत असणारच.

पंप बसवला. सकाळी थंड इंजिन एकदा भुर्र करायचं आणि लगेच बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. त्याला फोन केला तर याचं उत्तर तयारच होतं, "साहेब पंप नवा आहे, तुमचा फ्युएल डिस्ट्रिब्युटर गेलाय, माझ्याकडे रिकंडिशन पीस आहे, ४५ हजारात करून देतो" (डिस्ट्रिब्युटर म्हणजे पेट्रोल मोजून प्रत्येक इंजेक्टरला वाटणारा भाग). म्हणजे एकदा चुना लावून झाल्यावर त्याच चुन्यावर दुसरा हात मारायचा. खरा राग मला याचा आला, कारण घाबरून डिस्ट्रिब्युटर बदलणारे लोक नक्कीच असतील, आणि त्यांचा चांगला डिस्ट्रिब्युटरही याच्याच दुकानात जात असेल.

आमचे मेकॅनिक जुने, के-जेट्रॉनिकवर हात बसलेला माणूस. त्यांनी आधी पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघितलं, बरोबर होतं. मग डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटरच्या (इंजिन थंड असताना पेट्रोल वाढवणारा भाग) मधे व्हॉल्व्हवाला प्रेशर गेज लावला, गेजचा व्हॉल्व्ह बंद करून रिले जंप केला, म्हणजे इंजिन चालू न करता नुसता पंप फिरवला. काटा अडीचवर जाऊन थांबला तो थांबलाच. या इंजिनाचे इंजेक्टर साडेतीन बारच्या आसपास उघडतात, म्हणजे ते उघडतच नव्हते, सकाळचं ते भुर्र फक्त कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हच्या (थंड इंजिनला सेल्फ मारताना जादा पेट्रोल फवारणारा) पेट्रोलवर होत होतं. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्न पाईप काढून कॅनमध्ये सोडला तर नुसते थेंब. खरं तर या गाडीला रिटर्नमधून ४० सेकंदांत लिटरभर पेट्रोल पडायला हवं, आणि सिस्टीमचं प्रेशर पूर्ण झाल्याशिवाय रिटर्न उघडतच नाही, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर बिचारा बिनदोष आहे हे तिथेच कळलं.

मग पंप काढून उजेडात धरला. बॉडीची कड जिथे मशीनने गोल दुमडलेली असते तिथे बारीक ठोकल्याच्या खुणा होत्या, वरून काळा रंग आणि त्यावर बरोब्बर स्टिकर. कड उघडली तर आत कुठल्यातरी छोट्या हॅचबॅकच्या टाकीत बसणारा बारका पंप, भोवती रबर गुंडाळून कोंबलेला, आणि जोडातून प्रेशर आतल्या आत परत जात होतं. नंबर जुळला कारण बॉडी खरीच बॉशची होती, कुणाच्यातरी जुन्या पंपाची. आणि दोन हजार कमी करून तो जुने पंप का गोळा करतो तेही तेव्हाच लक्षात आलं. माझ्या पंपाची बॉडी आता अशीच कुणाच्यातरी गाडीखाली असेल.

तर एक्स्चेंजमध्ये जुना पंप कितीही पैसे कमी केले तरी देऊ नका. द्यायचाच तर कड कापून द्या. दुकानात कड आणि स्टिकरच्या खालची जागा नखाने चाचपून बघा. "गाडीवर गेज लावून पाच बार दिसले नाहीत तर माल परत" हे पक्क्या जीएसटी बिलावर लिहून घ्या, जो का कू करेल त्याच्याकडून घेऊच नका. मला त्याने चिठ्ठीवर बिल दिलं होतं, पण पेमेंट यूपीआयने झालं म्हणून निदान पुरावा उरला. पंप बसला की इंजिन बंद करून काटा बघत राहा, तो झटकन शून्यावर आला तर व्हॉल्व्ह धरत नाहीये. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, तेव्हा पंपाबरोबर मागचे जुने रबर होजही बदलून टाका, पाच बारला फुटलेला होज म्हणजे आगीशी खेळ.

माझ्या गाडीत आता जर्मनीहून मागवलेला पंप आहे, ड्युटी धरून महाग पडला, पण गेजवर पाचच्या वर प्रेशर आलं आणि गाडी एका सेल्फला चालू होते. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत, दुकानदार फोन उचलत नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कापलेला पंप मी फेकलेला नाही. कुणाला याच प्रकारे गंडवलं असेल तर तुमच्या पंपाच्या कडेचे फोटो आणि पेमेंटचा पुरावा जपून ठेवा आणि मला कळवा, सगळे मिळून तक्रार करू. पुण्यात कुणाला पंप घेतल्यावर प्रेशर बघायचं असेल तर गेज मी आता स्वतःचा घेतलाय, बिनधास्त सांगा.