विधुर, दाई आणि चोरटं मीठ: गोष्ट केंटच्या किनाऱ्यावर घालावी की वेंगुर्ल्याच्या?

बायको गेलेला बाप, त्याच्या पोरीला सांभाळायला आलेली परकी बाई आणि रात्री खाडीत शिरणाऱ्या चोरट्या होड्या. यावर ऐतिहासिक प्रेमकथा लिहायची असं मनात घेतलेल्याला पहिला प्रश्न जागेचा पडतो. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून आधी अडीच प्रकरणं इंग्लंडमधल्या केंट परगण्यातली लिहिली, मग तीच माणसं उचलून दक्षिण कोकणात नेली. दोन्हीकडे हात भाजून घेतलेत, म्हणून हे सांगतोय.

इंग्लंडची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. तिथली तस्करी वाचकाला चटकन पटते. चहावरचा कर ११९ टक्क्यांपर्यंत चढला होता. १७८४ साली तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहातला नफाच आटला. म्हणजे गोष्ट त्याआधी ठेवली की गावचा पाद्रीसुद्धा चोरटा चहा पिताना दाखवता येतो. फक्त ही माणसं भाबडी रंगवू नका. केंटमधल्या हॉकहर्स्टच्या टोळीनं १७४७ मध्ये पूल नावाच्या बंदराची जकात कचेरी फोडून जप्त झालेला चहा परत नेला, आणि पुढे साक्षीदाराचा हालहाल करून जीव घेतला. असल्या टोळीला घाबरणारा जमीनदार बाप हा चांगला नायक होतो.

शिवाय गव्हर्नेसची, म्हणजे घरी राहून पोरांना शिकवणाऱ्या बाईची, जागा तिथे आयती तयार असते. शिकलेली, गरीब, नोकरांच्या पंगतीला बसत नाही आणि मालकांच्याही नाही. तिची जात सांगावी लागत नाही, तिच्या माहेरच्यांना उत्तरं द्यावी लागत नाहीत. लिहिणाऱ्याचे निदान सहा महिने वाचतात.

मग मी तिथून का उठलो? एका गोष्टीनं. ती बारीक वाटेल, पण पानोपानी टोचत राहते.

त्या बापानं तिला काय म्हणून हाक मारायची? मी 'मिस' लिहिलं. भाचीनं ऐकलं आणि विचारलं, "ही त्याच्या मुलीच्या शाळेत आहे का?" इथल्या इंग्रजी शाळांत बाईंना मिसच म्हणतात, तिचं काय चुकलं? मग मी नुसते संवाद ठेवले. तर आई म्हणाली, "हा तिला अहोजाहो करतो की अगंतुगं, ते एकदा ठरव." इंग्रजीत 'यू'वर दोनशे पानं निभावतात. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. 'तुम्ही' घातलं की तो भाषांतरातला साहेब वाटतो, 'तू' घातलं की मोलकरणीला हुकूम सोडणारा धनी. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यायचं, हा तर मराठी प्रेमकथेचा प्राण, आणि केंटच्या हवेलीत तो क्षण माझ्याच्यानं खरा वाटेना. मी तो प्रसंग अकरा वेळा लिहिला. अकराही वेळा खोटा.

कोकणात नेल्यावर हीच अडचण माझ्या कामाला आली. माझी आजी आजोबांशी आम्हा पोरांच्या तोंडून बोलायची: "विचार रे, पान वाढू का?" तेच मी उचललं. बाप पोरीला म्हणतो, "तुझ्या मावशीला विचार, दिव्यात तेल आहे का." बाई पोरीला म्हणते, "सांग, आहे म्हणावं." दोघं महिनोन्महिने पोरीच्या डोक्यावरून बोलतात. आणि पोरगी तिला काय म्हणते, यावर सगळं ठरतं. आत्या म्हणाली तर ती बापाची बहीण झाली, दार बंद. मावशी म्हणाली तर दार किलकिलं, कारण मेव्हणीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे होतीच. 'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, गोव्याला लागून असलेल्या बंदरात शोभला असता. पण आजच्या वाचकाला त्यात इस्पितळ ऐकू येतं. म्हणून टाळला.

साल मी १८७७ धरलं. इकडे इंग्रजांचा मीठकर, पलीकडे गोव्याची मिठागरं, मध्ये खाड्या. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज-पोर्तुगीज करार झाला आणि गोव्याच्या मिठावर इंग्रजांची पकड बसली, म्हणजे धंद्याचा शेवटही हाताशी. त्याच वर्षांत आपल्याकडे दुष्काळ होता. माझी नायिका तासगावकडून कोल्हापूरमार्गे फोंड्याचा घाट उतरून जाते. तिला खाडी ठाऊक नाही, तिथली बोली कळत नाही. रात्री वल्ह्यांचा आवाज येतो तो कशाचा, हे तिला पोरीला विचारावं लागतं.

अडचणी आहेत. त्या काळचा विधुर वर्षश्राद्धाच्या आत पुन्हा बोहल्यावर चढायचा. तो एकटा का राहिला, हे सांगावंच लागतं. माझ्या नायकानं दोन बायका पोचवल्यात आणि तिसरी म्हणून दहा वर्षांची मुलगी घरात आणायला त्याचं मन धजत नाही. बाई विधवा आहे. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झालेला, वाईजवळच्या बावधनचे विष्णुशास्त्री पंडित यांनी १८७४ साली स्वतः एका विधवेशी पुनर्विवाह केलेला. तरी वाळीत पडायची भीती जिवंत होती. जातीचा प्रश्नही चुकत नाही. तो नीट अभ्यासून लिहावा लागतो, आणि माझं अजून चुकतं.

बाकी लहानसहान फायदे कोकणाकडेच झुकतात. 'वद्य त्रयोदशी' एवढं लिहिलं की काळोख आपोआप पडतो. आगोटीला होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत चोरीही बंद, शिपायांची गस्तही ढिली. ते पावसाचे महिने मी पूर्ण घरातल्यांना देऊन टाकले. केंटमध्ये अशी सक्तीची उसंत मला सापडली नाही.

तुमचा भर पाठलाग, कट आणि जकातवाल्यांशी झुंज यावर असेल, किंवा तुमचे वाचक अनुवादित कादंबऱ्यांना सरावलेले असतील, तर केंट घ्या. कदाचित तुम्हाला तो 'तुम्ही'चा काटा टोचणारही नाही. दोन माणसांचं बोलणं हाच गोष्टीचा जीव असेल तर मी घाट उतरायला सांगेन.

माझ्या गोष्टीत आता श्रावण संपत आलाय. पोरगी तापातून उठून गाढ झोपली आहे. मागच्या बागेत कुणीतरी ओली पोती टाकून गेलंय आणि बापाला विचारायचंय, ती कुणाची. निरोप सांगायला मध्ये कुणी नाही. तो "अहो" म्हणतो आणि थांबतो.