सोरायसिस: पंचकर्म की घरची औषधं?

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि पंचकर्म पेडण्याच्या दाराशी आलं. तरी सोरायसिसचे खवले कातडीवर दिसले की लगेच तिकडे धावावं असं नाही.

शोधनात, म्हणजे पंचकर्माने शरीर शुद्ध करण्यात, आधी काही दिवस सकाळी औषधी तूप वाढत्या मात्रेत प्यायचं. पंचतिक्त घृत कडू असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नुसत्या वासानेच मळमळतं. मग वमन (औषधाने उलटी) किंवा विरेचन (औषधाने जुलाब), नंतर पेजेपासून हळूहळू जेवणावर. पेज गोंयकाराला जड नाही, हुमण (माशांची आमटी) सुटतं तेच जड! वमनाला वसंत, म्हणजे शिगम्याच्या आसपासचे दिवस, विरेचनाला शरद. रजा, सोबतीला माणूस आणि अंगात ताकद हवी. गरोदरपणी, हृदयविकारात किंवा फार अशक्तपणात हा मार्ग नको.

शमन म्हणजे घरच्या घरी औषधं: मंजिष्ठा, खदिर, कडुनिंब पोटात आणि वरून तेल. काम सांभाळून जमतं, पण गुण सावकाश येतो. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीत पारा असतो, म्हणून ती दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेऊ नये. पथ्य दोन्हीकडे सारखंच, माशांवर दूध नाही.

चट्टे थोडे असतील तर मी शमनच निवडेन. अंगभर पसरलेला, दर वर्षी उलटणारा आजार असेल तर शोधनाचा विचार करावा, तोही भरती होऊन. सांधे दुखत-सुजत असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञ किंवा संधिवाततज्ज्ञ गाठा. चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या तर एकदम बंद करूच नका, आजार भडकतो.