वीट: डेव्ह सर्व्हर झकास, पण परीक्षा बिल्डनंतरची

वेब अ‍ॅप बनवण्याच्या व्ह्यू फ्रेमवर्कचे जनक इव्हान यू यांनी २०२० मध्ये वीट हे बिल्ड टूल आणलं, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून ब्राउझरला द्यायच्या अंतिम फाइली तयार करणारं साधन. नाव फ्रेंच, अर्थ 'झटपट', उच्चार मात्र घर बांधायच्या विटेचाच. आज ते रिअ‍ॅक्ट, स्वेल्ट अशा इतर फ्रेमवर्कसोबतही सर्रास वापरलं जातं. नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याने आधी हेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त त्याचे सांधे, म्हणजे कच्चे दुवे, कुठे आहेत ते ठाऊक हवं.

जुने बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधणारी साधनं) डेव्ह सर्व्हर, म्हणजे कोड लिहिताना आपल्याच संगणकावर चालणारा सर्व्हर, उठवण्याआधी अख्खा प्रकल्प बांधून काढत. वीट तसं करत नाही. ईएस मॉड्यूल (जावास्क्रिप्ट फाइली एकमेकींना जोडण्याची प्रमाणित पद्धत) ब्राउझरला थेट कळतात, त्यामुळे तो जी फाइल मागेल तेवढीच रूपांतरित करून त्याच्या हाती दिली जाते. बाहेरच्या लायब्ररींना हा न्याय लावून भागत नाही. लोडॅश-ईएस या लायब्ररीच्या पोटात ६०० हून जास्त मॉड्यूल आहेत, म्हणजे एका इम्पोर्टपायी तेवढ्या विनंत्या. म्हणून लायब्ररी आधीच एकत्र बांधून कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) ठेवल्या जातात. लायब्ररीत हाताने बदल केला आणि पानावर जुनंच वागणं दिसलं, तर ही कॅशे आडवी आलेली असते. सर्व्हर 'फोर्स' पर्यायासह सुरू केला की ती नव्याने बांधली जाते.

हॉट रीलोड, म्हणजे पान पुन्हा न उघडता बदल दाखवण्याची सोय, तर फारच छान आहे. सीएसएस बदललं की फॉर्ममध्ये भरलेला मजकूर जागेवर राहून फक्त रंगरूप पालटतं. रिअ‍ॅक्टमध्ये एकाच फाइलमधून कंपोनंट (पानाचा स्वतंत्र तुकडा) आणि साधं फंक्शन दोन्ही एक्सपोर्ट केलं, तर ही सोय गमावण्याची शक्यता असते. फंक्शन वेगळ्या फाइलीत हलवणं हा त्यावरचा साधा इलाज.

आता सांध्यांकडे. सातव्या आवृत्तीपर्यंत डेव्हमध्ये ईएसबिल्ड आणि अंतिम बिल्डला रोलअप, अशी कोड बांधणारी दोन वेगळी यंत्रं काम करतात. कॉमनजेएस या मॉड्यूल जोडण्याच्या जुन्या पद्धतीची लायब्ररी डेव्हमध्ये गुण्यागोविंदाने चालते आणि बिल्डनंतर 'हे फंक्शन नाही' म्हणून कोसळते, त्याचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं. म्हणून प्रत्येक डिप्लॉयआधी (साइट सर्व्हरवर चढवण्याआधी) बिल्ड करावं, 'प्रिव्ह्यू' कमांड चालवावी आणि ४१७३ पोर्टवर सगळी महत्त्वाची पानं उघडून पाहावीत. डेव्ह सर्व्हरचं पोर्ट ५१७३. दोन्ही टॅब शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. प्रिव्ह्यू ही फक्त तपासणीची सोय आहे, प्रत्यक्ष साइट त्यावर चालवू नये.

टाइपस्क्रिप्टबद्दल, म्हणजे टाइप जोडलेल्या जावास्क्रिप्टबद्दल, गैरसमज फार. वीट टाइप काढून टाकतं, तपासत नाही. चुकीचे टाइप असलेला कोडही बिनतक्रार बिल्ड होतो. बिल्ड स्क्रिप्टमध्ये आधी टीएससी ही टाइपस्क्रिप्टची कमांड 'नो-एमिट'सह (फाइली न बनवता फक्त तपासणी) चालवलीच पाहिजे.

सेटिंग ठेवायच्या एन्व्ह (.env) फाइलीत 'व्हीआयटीई' आणि अंडरस्कोरने (VITE_) सुरू होणारी व्हेरिएबल क्लायंट कोडमध्ये वापरली की थेट ब्राउझरला जाणाऱ्या फाइलीत उतरतात. तिथे पासवर्ड किंवा गुप्त की ठेवली, तर ती कोणालाही वाचता येते. शिवाय ही मूल्यं स्ट्रिंग (मजकूर) असतात. 'फॉल्स' लिहिलेलं व्हेरिएबल इफमध्ये खरंच ठरतं, त्यामुळे तुलना स्ट्रिंगशीच करावी.

साइट डोमेनच्या मुळाशी नसून उपफोल्डरमध्ये असेल आणि साइटचा मूळ पत्ता सांगणारा 'बेस' पर्याय दिला नसेल, तर पान कोरं दिसतं व कन्सोलमध्ये ४०४ ची रांग लागते. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याची व्यवस्था) सर्व्हर चालू असूनही बाहेरून उघडत नाही, कारण तो फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. 'होस्ट' पर्याय द्यावा. डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) प्रकल्प विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवला, तर फाइल बदलल्याची खबरच लागत नाही. पोलिंग (फाइली पुन्हा पुन्हा तपासत राहणं) चालू करता येतं, पण प्रोसेसरवर ताण पडतो. प्रकल्प लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये हलवणं केव्हाही चांगलं.

बिल्डमधल्या ५०० केबीहून मोठ्या तुकड्याबद्दलचा इशारा अनेक जण मर्यादा वाढवून गप्प करतात. तसं न करता साइटच्या पानांचे मार्ग (रूट) डायनॅमिक इम्पोर्टने, म्हणजे गरज पडेल तेव्हाच मागवून, वेगळे करावेत. मात्र त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो: नवं बिल्ड चढलं की फाइलींच्या नावातले हॅश (मजकुरावरून बनणारी अक्षरांची खूण) बदलतात आणि आधीपासून उघड्या असलेल्या टॅबला जुना तुकडा मिळत नाही. अशा वेळी 'वीट प्रीलोड एरर' हा इव्हेंट येतो. तो पकडून पान एकदा रीलोड करावं. इंडेक्स एचटीएमएलला 'नो-कॅशे' हेडर द्यावा, नाहीतर रीलोड करूनही तेच जुनं पान येतं. हॅश असलेल्या असेट फाइली वर्षभर कॅशे करायला हरकत नाही, आणि मागच्या बिल्डच्या फाइली काही दिवस सर्व्हरवर राहू द्याव्यात.