सिलिकॉन व्हॅक्यूम पाइप: जुन्या पेट्रोल ट्रकला कुठे घालावा, कुठे नाही

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ‘व्हॅक्यूमचा पाइप द्या’ (इंजिनाची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, इतर भागांपर्यंत नेणारी नळी) म्हटलं, की हल्ली रबराआधी सिलिकॉनचं रीळ काउंटरवर येतं. निळा, लाल, काळा; हवा तेवढा मीटरवर कापून. रबरापेक्षा महाग, पण देखणा. शूटिंग आणि व्हिंटेज रॅलीसाठी जपलेले जे मोजके पेट्रोल ट्रक उरलेत (कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज-फार्गो त्यातलेच), त्यांच्या कार्ब्युरेटरभोवती सगळीकडे हाच पाइप घालण्याची पद्धत पडू लागली आहे. काही जागी तो उत्तम आहे, काही जागी निव्वळ चूक.

डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सला (व्हॅक्यूमच्या ओढीने प्लगची ठिणगी थोडी आधी पाडणारी डबी) पूर्ण गुण. या साइड-व्हॉल्व्ह सहा सिलिंडर इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारे आणि धूर बाहेर काढणारे नळ) एकाच बाजूला, एकमेकांना जोडलेले असतात आणि कार्ब्युरेटर त्यांच्यावरच बसतो. त्या धगीत साधं रबर कडक होतं आणि निपलवर (पाइप जोडायच्या बारीक नळीवर) चढवलेल्या टोकाशी आधी चिरतं. सिलिकॉन दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत तग धरतं. व्हॅक्यूम वायपर असेल तर त्याच्या लांब पाइपालाही चालेल.

घेताना मात्र बोअरइतकंच (आतल्या व्यासाइतकंच) भिंतीच्या जाडीकडे बघा. ४ मिमी बोअरला २ मिमी भिंत हवीच. स्वस्तातल्या पाइपाची भिंत १ मिमीच्या आसपास भरते. गरम झाला की तो वळणावर आतून चपटा होतो. गाडी थंड असताना ठीक, तापली की पिकअप गायब, आणि दोष नसलेला कार्ब्युरेटर मात्र उघडला जातो. दुकानात व्हर्निअर लावायला लाजू नका. खरं सिलिकॉन आहे का, हे घरी बारीक तुकडा चिमट्यात धरून पेटवला की कळतं: सिलिकॉनची राख पांढरी, रबराचा धूर काळाकुट्ट.

बसवण्यात खरी गंमत आहे. पाइपाचा बोअर निपलपेक्षा अर्धा ते एक मिमी कमी घ्या. ५ मिमी निपलला ४ मिमी पाइप. निपलवर किमान १२ मिमी चढला पाहिजे. ब्लेडने सरळ काप घ्या, पक्कडीने तोडलेलं टोक नीट बसत नाही. चढत नसेल तर पाण्याचं बोट लावा. ग्रीस किंवा ऑइल लावलं की पाइप पुढे घसरून निघतो. स्प्रिंग क्लिप वापरा, कारण स्क्रूवाली जुबली क्लिप मऊ सिलिकॉन कापते. जुने पाइप एकदम उपटू नका. एक काढा, एक लावा, नाहीतर दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नंबर टाका.

सगळ्यात जास्त घोळ निपल निवडण्यात होतो. यातल्या बहुतेक इंजिनांना अॅडव्हान्सचा पाइप कार्ब्युरेटरच्या बॉडीवरच्या त्या निपलला जातो, ज्याचं भोक बंद थ्रॉटल प्लेटच्या (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या चकतीच्या) जरा वर उघडतं. तिथे स्लोला (अॅक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) व्हॅक्यूम जवळजवळ शून्य असतो, थ्रॉटल उघडताच वाढतो. पाइप मॅनिफोल्डच्या निपलला लावला तर स्लोलाच अॅडव्हान्स मिळतो आणि रेस वाढते. त्याच अवस्थेत कुणी टायमिंग (ठिणगीची वेळ) लावलं तर मूळ टायमिंग मागे पडतं. गाडी लोडवर ओढत नाही, तापते. म्हणून टायमिंग लावताना पाइप काढून कार्ब्युरेटरकडचं टोक बंद करायचं, मग परत जोडायचा. काही इंजिनांना मुळातच मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम दिलेला असतो, तेव्हा अंदाज नको, मॅन्युअल बघा. रेस केल्यावरही निपलला लावलेल्या व्हॅक्यूम गेजची सुई हलत नसेल तर भोक कार्बनने बुजलंय. पातळ तांब्याची तार आणि हवा, काम झालं. न वापरलेल्या निपलला रबरी टोपी घाला. पाइपाच्या तुकड्यात बोल्ट कोंबण्याचा जुगाड फार दिवस टिकत नाही.

आता नापास जागा. पेट्रोलच्या लाइनला सिलिकॉन कधीच नाही. ते फुगतं, मऊ पडतं, वाफ बाहेर सोडतं. तिथे इथेनॉल चालणारा फ्युएल होजच हवा, आता ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यावर तर नक्कीच. क्रँककेसची वाफ मॅनिफोल्डला नेणाऱ्या पाइपात ऑइल असतं, तिथे ऑइलला टिकणारं नायट्राइल रबर. आणि ब्रेकच्या हायड्रोव्हॅकला (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला) आतून धाग्याने बांधलेला जाड व्हॅक्यूम ब्रेक होजच. रिळावरचा साधा पाइप तिथे आवळला गेला तर पेडल दगडासारखं कडक होईल. त्या लाइनमधला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेला सोडणारा) उलटा लावला तरी हीच गत. मॅनिफोल्डकडे हवा जाऊ दिली पाहिजे, परत येऊ देता कामा नये.

शेवटी व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. गरम इंजिन, स्लो रेस: सुई १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याचे इंच) स्थिर हवी. स्थिर पण खाली असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय किंवा टायमिंग मागे आहे. ठरावीक अंतराने एक-दोन इंच फडफडत असेल तर आधी प्लग आणि व्हॉल्व्ह बघा, पाइपाला दोष देऊ नका. लीक शोधायला कार्ब क्लीनर मारण्याची सवय इथे धोक्याची, खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो. एकेक पाइप पक्कडीत कापड धरून चिमटा. ज्याला चिमटल्यावर रेस सुधारते, तो गुन्हेगार.

हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे लोणावळ्यात सुई दोन इंच खाली दिसणारच. तिथे बॉनेट उघडून चांगले बसवलेले पाइप उपटत बसू नका.