फोंड्यातली ‘जिवंत पुस्तकं’: जावं, पण पहिल्या फेरीला

गोव्यातल्या फोंड्यात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये अधूनमधून रविवारी ‘जिवंत पुस्तकं’ भरतात. पुस्तकाऐवजी माणूस घ्यायचा, अर्धा तास त्याच्याशी बोलायचं आणि उठायचं. ही पद्धत २००० साली डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवात सुरू झाली. इथल्या मंडळींनी ती स्थलांतरितांपुरती ठेवली आहे. फळ्यावर झारखंडचा ट्रॉलरवरचा खलाशी, गदगचा सेंटरिंग कामगार, हॉटेलातली नेपाळी मुलगी आणि त्यांच्याच ओळीत आखातातून परतलेला डिचोलीकर.

हा शेवटचा माणूस ठेवण्यात खरी जाण आहे: पोटासाठी बाहेर गेलेले गोवेकरही स्थलांतरितच. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे त्या-त्या गावच्या लोकांची सामाईक वसतिगृहं, होते. एकेका खोलीत पेट्या मांडून माणसं बोटीवरच्या नोकरीची वाट बघत. तो इतिहास डिचोलीकराच्या तोंडून ऐकून श्रोता शेजारच्या खलाशाकडे गेला, की त्याचे प्रश्न बदलतात. म्हणून जाणाऱ्यांनी आधी त्याला घ्यावं आणि मग खलाशाला.

एका माणसासमोर चारच श्रोते बसवतात, हेही बरोबर. दहा जण झाले की गप्पांचं भाषण होतं, आणि भाषणात माणूस ऐकणाऱ्यांना आवडेल तेच बोलतो. खुर्च्या गोलात, माईक नाही. नको तो प्रश्न आला तर सांगणारा हातातलं कार्ड उलटं ठेवतो आणि विषय तिथेच संपतो. ‘गावी परत कधी जाणार?’ या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळा कार्ड उलटतं. फोटो आणि रेकॉर्डिंग बंद. हा नियम अजिबात सैल करू नये: भाड्याच्या खोलीचे कागद अर्धवट असलेला माणूस चेहरा दिसणार म्हटल्यावर तोंडच उघडत नाही.

आता उणिवा. कन्नड बोलणाऱ्यासोबत दुभाषी बसतो, त्यामुळे तीस मिनिटांतली पंधराच हाती लागतात. अशा फेऱ्या पंचेचाळीस मिनिटांच्या हव्यात. किंवा गाव, काम आणि गोव्यात आल्याचं वर्ष एवढं आधीच कागदावर द्यावं, म्हणजे ओळखीत वेळ जात नाही. एकाच माणसाला दिवसात चार फेऱ्या देतात, ते जास्त होतं. तिसऱ्या फेरीपासून तीच वाक्यं पाठ म्हटल्यासारखी येतात आणि जे दुखतं ते आपोआप गाळलं जातं. दोन फेऱ्या पुरे.

सर्वांत मोठी चूक पैशांची आहे. जेवण आणि बसभाडं देतात, दिवसाची मजुरी देत नाहीत. रोजंदारीवरचा माणूस रविवारचं काम सोडून फुकट का बसेल? त्यामुळे पक्क्या नोकरीतलेच पुन्हा पुन्हा दिसतात, आणि घरकाम करणाऱ्या बायका जवळजवळ नसतातच. पूर्ण दिवसाची मजुरी रोख आणि सत्र सुरू होण्याआधी दिली, तर फळा बदलेल.

२०२४ मध्ये दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर कॉलरा पसरला आणि कामगार दगावले, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्या बोटींवर झोपायचं कुठे, पाणी कुठून आणायचं, शौचाला कुठे जायचं, हे खलाशाला विचारावं. तो नीट सांगतो. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बहुतेक खलाशी गावी जातात, तेव्हा हे ‘पुस्तक’ मिळत नाही. चतुर्थीच्या आसपास उलट श्रोते नसतात. ऑक्टोबर ते मे हा काळ धरावा, आणि नाव आदल्या दिवशी नोंदवावं. प्रवेश मोफत आहे.