दाब-घनतेचा प्रयोगसंच: साहित्य चांगले, पुस्तिका कच्ची

आठवी-नववीच्या मुलांना द्रवांचा दाब, घनता आणि प्लावक बल हे विषय स्वतःच्या हातांनी पडताळून पाहता यावेत, म्हणून हा संच मी म्हापशातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून घेतला आणि फोंड्यात माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांकडून त्यातले सगळे प्रयोग करून घेतले. किंमत हजार-बाराशेच्या घरात आहे. त्या मानाने साहित्य भरपूर मिळते: तीन भोकांचे उभे नळकांडे, लहान-मोठ्या दोन सिरिंज व त्यांना जोडणारी नळी, तानकाटा, पितळेचा व अ‍ॅल्युमिनियमचा असे सारख्याच मापाचे दोन दंडगोल, तोटीचे भांडे, मोजपात्र, काचेचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगत ठेवून त्याची घनता मोजायची नळी) आणि एक पुस्तिका.

यातले सर्वांत उपयोगी साहित्य म्हणजे ते दोन दंडगोल. दोन्हींचे आकारमान २० घन सेंटिमीटर आहे. हवेत तानकाट्यावर अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ५४ ग्रॅम भरतो, तर पितळेचा त्याच्या तिपटीहून अधिक. जड दंडगोलाचे वजन पाण्यात जास्त घटेल, अशी बहुतेक मुलांची खात्री असते. प्रत्यक्षात दोन्हींचा काटा सारखाच, २० ग्रॅमने मागे येतो, आणि तोटीतून सांडलेले पाणीही तेवढेच, २० मिलिलिटर, भरते. प्लावक बल वस्तूच्या वजनावर नव्हे, तर तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनावर अवलंबून असते, हे फळ्यावर कितीही वेळा लिहिले तरी इतके नीट पटत नाही.

पुस्तिकेबद्दल मात्र तक्रार आहे. नळकांडे टेबलावर ठेवून तिन्ही भोके उघडावीत, म्हणजे खोलीबरोबर दाब वाढत असल्यामुळे सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडेल, असे ती चित्रासह सांगते. पाण्याची पातळी ३० सेंटिमीटर आणि भोके तळापासून ५, १५ व २५ सेंटिमीटरवर आहेत. या मांडणीत टेबलावर सर्वांत दूर पडते ती मधली धार, सुमारे ३० सेंटिमीटरवर. वरची आणि खालची या दोन्ही जवळजवळ एकाच जागी, २२ सेंटिमीटरच्या आसपास पडतात. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग, पाण्याच्या पृष्ठभागापासून त्या भोकापर्यंत मोकळे पडणाऱ्या वस्तूच्या वेगाइतका असतो. खालच्या धारेचा वेग खरोखरच सर्वांत जास्त असतो, पण टेबल तिच्यापासून अवघ्या ५ सेंटिमीटरवर असल्याने पुढे जायला तिला वेळच मिळत नाही. नळकांडे ६० सेंटिमीटर उंच स्टुलाच्या कडेवर ठेवून धारा जमिनीवर पडू दिल्या, तर खालची धार ८० सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि वरची ४० च्या पुढे फारशी जात नाही. तेव्हा प्रयोग करायचा तो स्टुलावरच, आणि वरून पाणी ओतत पातळी कायम राखून. हेच चुकीचे चित्र कित्येक गाईडांतूनही सुखाने नांदते आहे. संच काढणाऱ्यांनी निदान स्वतःचे नळकांडे एकदा भरून पाहायला हवे होते.

सिरिंजचा प्रयोग ठीक आहे. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ आणि बल चौपट होते, एवढे पुस्तिका सांगते. पण मोठा दट्ट्या तेवढाच कमी, म्हणजे एक चतुर्थांशच सरकतो, हे सांगत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर हवा दबते आणि सगळा हिशेब बिघडतो, म्हणून दोन्ही सिरिंज पाण्याखाली धरूनच जोडाव्यात.

हायड्रोमीटरची काच स्वच्छ असून तो सरळ तरंगतो, पण त्यावरील खुणा ०.०१ च्या अंतराने आहेत. समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता (गोड्या पाण्याच्या घनतेच्या किती पट) सुमारे १.०२५ असल्यामुळे मिरामार किनाऱ्याचे पाणी नेमके दोन खुणांच्या मध्ये येते आणि मुलांना अंदाज बांधावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत मांडवी नदीत आतवर शिरणारे खारे पाणी आणि ऐन पावसाळ्यातले जवळजवळ गोडे पाणी यांची तुलना मात्र यावर सहज होते. काजूच्या हंगामात फेणीच्या भट्टीवर ‘ग्राव’, म्हणजे दारूचा कडकपणा, बघायला सोडतात ती नळीही याच तत्त्वावर चालते. फेणी पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे ती जितकी कडक तितकी नळी खोल बुडते. गोव्यातल्या मुलांना हे उदाहरण सांगायला संकोच वाटण्याचे कारण नाही, त्यांच्यातल्या अनेकांनी ती नळी पाहिलेली असते.

रायबंदर किंवा आगरवाड्याच्या मिठागरांतले पाणी तपासायचा बेत असेल, तर हा हायड्रोमीटर पुरणार नाही. मीठ धरू लागलेल्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते आणि याच्या खुणा १.१०० वरच संपतात, त्यासाठी १.२५० पर्यंतचा वेगळा विकत घ्यावा.